पहिल्या घंटीला उचलणारा डबा

यंत्रांशी माझं वैर नाही. ती त्यांच्या जागी, मी माझ्या जागी, असा आमचा वर्षानुवर्षांचा सलोखा आहे. मिक्सर, इस्त्री, गजराचं घड्याळ ही खाती बायकोकडे. पंख्याचं बटण तेवढं माझ्याकडे. त्यामुळे आमच्या घरी आयएसडीएन नावाची नवी टेलिफोन लाइन आली तेव्हा तिच्या टर्मिनल अ‍ॅडॅप्टरची जुळणी मी स्वतःच्या हातांनी केली, हे सांगितलं की ऑफिसातले लोक हसतात. घरातले हसत नाहीत. त्या आठवड्यात ते घरात होते.

सुरुवात मुलीपासून झाली. तिने समुद्राच्या तळाचे नकाशे काढणाऱ्या एका संस्थेत नोकरीसाठी अर्ज केला. आमच्या सात पिढ्यांत घोट्याच्या वर पाण्यात कुणी गेलेलं नाही, पण हल्लीच्या मुलांना तळ गाठायचा असतो. संस्था लांब, म्हणून मुलाखत फोनवर. पत्र आलं: शुक्रवारी दुपारी चार वाजता आम्ही फोन करू, संपर्क न झाल्यास उमेदवारास स्वारस्य नाही असे समजण्यात येईल. मी विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात आहे. 'असे समजण्यात येईल' या शब्दांनी किती घरं धुऊन नेली आहेत ते मला विचारा.

आता आमच्याकडे फोनची तार एकच. मुलगी इंटरनेट लावून बसली की बाहेरून फोन करणाऱ्याला तासन् तास एंगेज ऐकू यायचा. याबद्दल आत्याने मला एकदा चांगलंच झापलं होतं. "दादाच्या घरात फोन लागत नाही म्हणजे काय रे? दादा असता तर एका घंटीत उचलला असता!"

हे खरं होतं. माझ्या वडिलांना फोन अर्ज केल्यावर अकरा वर्षांनी मिळाला आणि तो आल्या दिवसापासून त्यांनी नियम घातला: फोन म्हणजे पाहुणा, आणि पाहुण्याला दारात दोनदा बेल वाजवायला लावू नये. पहिल्या घंटीला उचलायचा. वडील अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत बाहेर आलेले मी पाहिले आहेत. आमच्या घरातली सगळी माणसं आजही फोनपासून चार पावलांच्या टापूत वावरतात.

आयएसडीएनवर म्हणे एकाच तारेत दोन वाटा असतात. एकीवर इंटरनेट, दुसरीवर बोलणं. मी जाहिरात वाचली आणि माझ्यातला बाप जागा झाला.

"शुक्रवार होऊन जाऊ दे," बायको म्हणाली. "मग काय हवं ते करा."

"आणि शुक्रवारी चार वाजता कुणी इंटरनेट लावलं तर?"

"कोण लावणार? आपण तिघं आहोत. त्यातली एक फोनवर असणार आणि मला तो कॉम्प्युटर सुरू करता येत नाही."

उरला तो मी. पण संभाव्य धोका म्हणजे धोकाच, अशी आमच्या खात्याची शिकवण आहे. मी दुसऱ्याच दिवशी अर्ज केला.

टेलिफोन कार्यालयात खिडकीमागच्या बाईंनी अर्ज उलटसुलट पाहिला. "जुनी लाइन आज बंद होईल. नवी जोडायला माणूस येईल. यायच्या आधी तो फोन करेल."

"कुठल्या नंबरवर?"

"हा काय, तुम्ही लिहिलाय तो."

"तो तुम्ही आज बंद करताय ना?"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग फोन लागला नाही असा शेरा पडेल आणि अर्ज पुन्हा करावा लागेल. तुम्ही फोन चालू ठेवा."

तीन दिवस मी त्या कार्यालयाच्या बाकावर बसून होतो. शेवटी लाइनमनच मला कंटाळला आणि म्हणाला, "चला, तुम्हालाच बरोबर घेऊन जातो. म्हणजे तुम्ही घरी आहात का हे विचारायला नको." त्याने भिंतीला भोक पाडलं, एक नवी खोबण बसवली, टर्मिनल अ‍ॅडॅप्टर टेबलावर ठेवला आणि सेटिंग कोण करणार असं विचारताच जिन्यात दिसेनासा झाला.

अ‍ॅडॅप्टर म्हणजे जेवणाच्या डब्याएवढा एक डबा. पुढे पाच दिवे. मागे एका भोकात भिंतीवरून आलेली तार, दुसऱ्यात आपला साधा फोन, आणि तिसरीकडे कॉम्प्युटरच्या पाठीमागच्या खोबणीला, म्हणजे सीरियल पोर्टला, जाणारी बोटभर जाड केबल. थोडक्यात, घरात येणारं प्रत्येक बोलणं आधी या डब्याच्या हातून जाणार. बायकोने त्याच्याकडे, घरात राहायला आलेल्या माझ्या चुलतभावाकडे पाहावं तसं पाहिलं.

रविवारी सकाळी मी माहितीपुस्तिका घेऊन बसलो. एकशे बारा पानं. आमच्या धंद्यात कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय असते. पॉलिसी घेणारे तो वाचत नाहीत, म्हणून तर आमचे पगार होतात. तासाभरात शेजारचे सिग्नलकाका आले. हे रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि जगातल्या कुठल्याही बिघाडाकडे फक्त दिव्यांच्या रंगावरून पाहतात.

"तांबडा लागलाय," ते खुर्ची ओढत म्हणाले. "म्हणजे काही करायचं नाही."

"काका, तो वीज चालू असल्याचा दिवा आहे."

"तांबडा तो तांबडा. बत्तीस वर्षांत मी तांबड्याला एकही गाडी सोडली नाही."

मी ती सोडली. कॉम्प्युटरने पहिला प्रश्न विचारला: कुठला पोर्ट? माउस पहिल्यावर होता, म्हणून सभ्यपणे मी डब्याला तिसरा दिला. सगळं छान दिसत होतं, पण माउस हलवला की डबा गप्प, आणि डबा बोलू लागला की पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजायचा. दुपारी मी कॉम्प्युटरच्या दुकानदाराला विचारायला गेलो. रविवार असूनही तो शटर अर्धं उघडून बसला होता. तो म्हणाला, "साहेब, पहिला आणि तिसरा पोर्ट एकाच घंटीवर असतात. दोन बिऱ्हाडांना एकच बेल. वाजली की दार उघडायचं कुणी, हे कळत नाही. दुसऱ्यावर न्या."

हे मला पटलं. बेलचा प्रश्न आमच्या घराण्याच्या जिव्हाळ्याचा आहे. केबल दुसऱ्या पोर्टवर नेली.

पुढचा प्रश्न वेगाचा. सर्वांत वरचा आकडा होता एक लाख पंधरा हजार दोनशे. मी स्कूटरसुद्धा चाळीसच्या वर नेत नाही. पायरीपायरीने खाली येत मी नऊ हजार सहाशेवर थांबलो, आपल्यासारख्याला पुरे. त्याखाली 'पॅरिटी' असा एक रकाना होता. पुस्तिकेप्रमाणे याचा अर्थ पाठवलेल्या अक्षरांची पडताळणी. तिथे आधीपासून उत्तर भरलेलं होतं: 'नाही'. पडताळणी नाही! बावीस वर्षं दाव्यांच्या विभागात काढलेल्या माणसासमोर! मी तिथे ताबडतोब 'नाही' काढून 'सम' नावाची पडताळणी लावली आणि छाती भरून श्वास घेतला.

पडद्यावर मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखी चिन्हं सांडली.

"हे काय लिहिलंय?" सिग्नलकाकांनी विचारलं.

"डब्याची भाषा आहे."

"रागावलाय," ते म्हणाले.

मुलगी मागून येऊन दोन मिनिटं उभी राहिली. "बाबा, वेग सगळ्यात वर न्या आणि पडताळणी काढून टाका. तो स्वतः बघतो ते."

"स्वतःची तपासणी स्वतः करणाऱ्यांचं पुढे काय होतं, ते मी रोज बघतो," मी म्हणालो. ती गेल्यावर मी दोन्ही बदललं. वारूळ नाहीसं झालं आणि तिथे स्वच्छ अक्षरांत 'ओके' उमटलं. हा शोध मी सिग्नलकाकांसमोर माझ्याच नावावर लावला.

मग डायलिंग. इंटरनेट कंपनीचा नंबर लिहायचा होता, आणि त्याआधी एक चौकट: बाहेरच्या लाइनसाठी आधी कुठला आकडा? याचं उत्तर मला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. आमच्या ऑफिसात आधी शून्य फिरवल्याशिवाय कुणीही बाहेरच्या जगाशी बोललेलं नाही. मी शून्य भरलं. डबा संध्याकाळपर्यंत नंबर फिरवत राहिला आणि असा नंबर अस्तित्वात नाही म्हणून सांगत राहिला. शेवटी चहाचा कप ठेवताना बायको म्हणाली, "अहो, आपण घरी आहोत. बाहेर पडायला इथे कुणाला शून्य लागतं?" शून्य काढलं. एका क्षणात इंटरनेट लागलं. पूर्वीची ती किरकिर नाही, खाकरणं नाही. मी उठून उभाच राहिलो.

आता एकच रकाना राहिला होता. फोन आल्यास किती घंट्यांनंतर उचलावा? खाली बारीक टीप: शून्य म्हणजे कधीही नाही. आणि कारखान्याने तिथे भरून काय पाठवलं होतं? शून्य!

मी भिंतीवरच्या वडिलांच्या तसबिरीकडे पाहिलं. कधीही नाही? या घरात? शिवाय शून्याने आज एकदा मला तोंडघशी पाडलंच होतं. मी ते खोडलं आणि अत्यंत आदराने तिथे 'एक' भरलं. मग कुणी ही व्यवस्था बिघडवू नये म्हणून सेटिंगला पासवर्ड घातला: बायकोची जन्मतारीख. नवऱ्याच्या हृदयात जे कोरलेलं असतं ते चोराला सापडत नाही.

सोमवारी फोन आला नाही. मंगळवारी नाही. बुधवारी मी ऑफिसातून घरी फोन करणार होतो, पण मग वाटलं, घरून ऑफिसात करून पाहू. तो खणखणीत लागला. लाइन उत्तम. इतकी शांतता आमच्या घराने कधी अनुभवली नव्हती.

"अहो, तीन दिवसांत एकही फोन कसा नाही?" बायको म्हणाली. "माझी बहीण तर रोज करते."

"मुद्द्याचं असेल तरच करावा, हे लोकांना आता कळू लागलंय."

"माझी बहीण आणि मुद्दा?"

 मुलगी नुसती डब्याकडे बघत होती. मधूनमधून त्याचा हिरवा दिवा लागायचा, फोन अर्धवट 'ट्रि' म्हणायचा आणि गप्प व्हायचा. सिग्नलकाका म्हणाले की हिरवा म्हणजे सगळं ठीक. मीही तेच समजून चाललो.

शुक्रवारी मी अर्धा दिवस रजा टाकली. टेबल पुसलं. फोनशेजारी पाण्याचं भांडं, कोरे कागद, दोन पेन्सिली ठेवल्या. मुलगी कपडे बदलून, केस बांधून बसली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. मोठी परीक्षा असली की लहानपणापासून तिचं असंच होतं. सव्वातीनला दाराची बेल वाजली. आत्या! शहराच्या दुसऱ्या टोकाहून, दोन बस बदलून, हातातली पर्स काठीसारखी धरून.

"शीळ घालतोस?" ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "माझ्यावर? या वयात?"

"आत्या, आत तर ये."

"चार वेळा फोन केला. चारही वेळा उचललास. एका घंटीत उचललास, ते मी नाकारत नाही, वळण दादाचंच आहे. पण मी 'अरे, मी बोलतेय' म्हणते आणि तू किंचाळतोस! आधी शीळ, मग खरखर, मग पुन्हा शीळ. मी म्हटलं, चला, दादाचा मुलगा गेला हातचा. धाकटीने केला तर तिच्यावरही तेच!"

धाकटी म्हणजे माझ्या बायकोची बहीण. मी हळूच डब्याकडे वळलो. तो पाच दिवे लावून निर्विकार बसला होता. आठवडाभर आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा त्याने पहिल्या घंटीला दारात गाठला होता आणि दुसऱ्या कुणाचा तरी जुना डबा समजून त्याच्याशी त्या पूर्वीच्या किरकिरीच्या भाषेत बोलला होता. आज्ञा माझीच होती.

तीन वाजून पंचवीस मिनिटं.

"बंद कर आधी!" सिग्नलकाका ओरडले, आत्याचा आवाज ऐकून ते आले होते. मी बटण बंद केलं. त्याबरोबर फोनही मेला, कारण नव्या व्यवस्थेत फोनला वीज डब्याकडून मिळत होती. फोन थेट भिंतीच्या खोबणीत घातला. ती खोबण फोनशी बोलतच नव्हती. डबा पुन्हा चालू केला. तो पाचही दिवे एकेक करून लावत विचारात पडला. पुस्तिकेप्रमाणे याला दोन मिनिटं लागतात. मला सात वाटली.

मग सेटिंग उघडायला गेलो तर पासवर्ड.

"काय घातलाय?" बायकोने विचारलं.

"तुझी जन्मतारीख," मी म्हणालो. अशाही प्रसंगात आत्याच्या चेहऱ्यावर कौतुक उमटलं.

मी तारीख टाकली. डब्याने नाकारली. बायकोने पुढे वाकून स्वतः टाकली. नाकारली.

"चौदा ना?" ती म्हणाली.

"चौदाच."

"मग घेत का नाही?"

"डबा सदोष असावा," मी म्हणालो. पण कळ दाबताना रविवारी माझ्या बोटांनी काय टाकलं होतं ते हळूहळू आठवू लागलं होतं. सतरा. सतरा तारीख कुणाची, हे मला आजही सांगता येत नाही, आणि त्या वेळी चारचौघांत ते टाकण्यापेक्षा समुद्राचा तळ गाठणं सोपं होतं.

"मी जरा खाली टेलरकाकांकडे जाऊन येते," मुलगी म्हणाली.

"आत्ता? पावणेचारला?"

"कोटाचं बटण," ती म्हणाली आणि गेली. फोनवरच्या मुलाखतीला कोट कशाला हे विचारायचं भान मला नव्हतं. बापाचे धिंडवडे बघवेनात म्हणून पोर उठून गेली, असं मला वाटलं.

तीन अठ्ठावन्न. मी बायकोला चहा टाकायला सांगितलं. ती हलली नाही. "अहो, टाका जी टाकायची ती," ती शांतपणे म्हणाली. "मी बघत नाही." आणि ती खरोखर खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मी एक आणि सात दाबलं.

सेटिंगचं दार उघडलं. त्याच क्षणी फोन म्हणाला, 'ट्रि'.

हिरवा दिवा लागला. मी रिसीव्हर ओढला. आत डबा कुणाशी तरी जीव तोडून शीळ घालत होता. पलीकडचं माणूस म्हणालं, "हॅलो? हॅलो?" आणि फोन ठेवला. भिंतीवर चार वाजले होते.

मी 'एक' खोडला. शून्य भरलं. जपून ठेवायचं बटण दाबलं. मग आम्ही चौघं त्या फोनभोवती बसलो. आत्याने पर्स मांडीवर घेतली. चार दहा. चार पंचवीस. चार चाळीस. कुणी घोटभर पाणीही प्यायलं नाही. बायको एवढंच म्हणाली, "तिला वर बोलावू का?"

"काय सांगणार आहेस?"

"तेच कळत नाहीये."

संपर्क न झाल्यास, मी मनात म्हणालो, असे समजण्यात येईल. हे वाक्य मी आजवर किती लोकांना टपालाने पाठवलं असेल याचा हिशेब मनातल्या मनात सुरू झाला. तो अर्ध्यावर होता, तेवढ्यात फोन वाजला.

पूर्ण वाजला. एक अख्खी, गोल, तबियतीत दिलेली घंटी. आठवडाभरात तो आवाज ऐकला नव्हता. दुसरी वाजली. बायको म्हणाली, "अहो, उचला!" पण माझा हात निघेना, डब्याने मध्येच झडप घातली तर, या भीतीने मी हिरव्या दिव्याकडे बघत होतो. तो विझलेलाच होता. तिसरी वाजली, आणि मी उचलला.

"बाबा," मुलगी म्हणाली. मागे शिलाई मशीनची टकटक ऐकू येत होती. "वाजला ना? मी म्हटलं, तपासून बघावं."

"तू खाली काय करतेस? अगं, त्यांचा फोन..."

"झाली मुलाखत. पस्तीस मिनिटं. त्यांच्या पत्रासोबत भरून पाठवायचा फॉर्म होता, त्यावर दोन रकाने होते, फोन आणि पर्यायी फोन. पर्यायीत मी टेलरकाकांचा लिहिला होता."

"कधी?"

"तुम्ही जाहिरात वाचलीत त्या दिवशी."

 विम्याच्या खात्यात बावीस वर्षं काढली, पण घरात विमा उतरवण्याइतका धोका मी आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"पहिला नंबर आपलाच दिला होता, बाबा," ती जरा मऊ होऊन म्हणाली. "त्यांनी आधी तिथेच केला. मला म्हणाले, तुमच्या घरी फोन उचलून कुणीतरी शिट्ट्या मारतं. मी म्हटलं, ते आमचे बाबा."

"मग?"

"मग हसले ते. मी पण हसले. मग माझी भीती गेली आणि पुढचं सगळं नीट झालं. सोमवारी कळवतील, पण बहुतेक घेतीलच. थांबा, टेलरकाका म्हणतायत कोट घेऊन जा, तयार आहे."

मी फोन ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं. बायको पदराने डोळे टिपत हसायला लागली. सिग्नलकाका म्हणाले की हिरवा दिवा होता, तेव्हाच त्यांना कळलं होतं. मी आत्याकडे पाहिलं. निदान आज तरी तिच्याकडून शाबासकी मिळायला हरकत नव्हती.

आत्या पर्स उचलून उभी राहिली होती.

"सगळं ठीक," ती म्हणाली. "पण तीन घंट्या, रे? दादाच्या घरात?"